श्तिमी म्हटलं की

शांपेन आघाडी,
नोव्हेंबर १९१५

आई,

तुझ्या दोन्ही गालांचे पापे. मी धडधाकट आहे. खंदकात गुडघाभर चिखल आहे, पण कोळशाच्या खाणीत राबलेल्याला त्याचं काय!

इथे आम्हा उत्तर फ्रान्सवाल्यांना नवीन नाव पडलंय: श्तिमी. दक्षिणेकडच्या पोरांनी पाडलं. 'तू' म्हणायला ते 'त्वा' म्हणतात, आपण 'ति'; 'मी'ला ते 'म्वा', आपण 'मि'; वर जिथे तिथे 'श' घुसडतो, त्याची ही टिंगल. त्यांच्यातला बास्तीद ओरडायचा, "ए श्तिमी, माणसासारखं बोला की रे!" आपला फ्लोरिस म्हणायचा, "आधी तू माणसासारखी कॉफी कर!" सुरुवातीला राग यायचा. मग श्तिमी म्हटलं की आम्ही गावचे सहाही जण एकदम ओ द्यायला लागलो.

खाणकामगार म्हणून भुयार खणायला आम्हालाच धाडतात. मंगळवारी माझा पाय सुजला होता, म्हणून मी वर राहिलो, बाकीचे पाच खाली उतरले. दुपारी भुयार कोसळलं. फ्लोरिसच्या आईला सांग, तो मजेत आहे. नको, काहीच सांगू नकोस.

चुलीवर तुझी चिकोरीची कॉफी अजून दिवसभर असते का? शत्रूचे शिपाई आपल्या घरात राहतात म्हणे, खरं का? त्यांच्या ताब्यातल्या गावांना टपाल जात नाही. हे माझं नववं पत्र, आधीच्या आठांसारखं माझ्याच पिशवीत राहील.

बास्तीद आता टिंगल करत नाही. आज सकाळी हळूच म्हणाला, "श्तिमी, कॉफी घे."

मी आधी मागे वळून पाहिलं, बाकीचे येतायत का ते.

तुझाच,
ओमेर