सरपंचबाईची सही

३ जून, मंगळवार
दारावर कागद चिकटवून गेले. जिल्ह्याच्या सायबाचा शिपाई हुता. मी म्हनलं, डिंक लावायच्या आधी इचारायची रीत न्हाई का? म्हनला, "आजी, सरपंच हातात घेत न्हाईत, मग चिकटवावाच लागतो." सरपंच म्हंजे आमची सून राजेश्वरी. ती आत भाकरी थापत हुती. तिला कुनी हाकच मारली न्हाई, घेईल कशी?
कागद अक्षर अक्षर लावून वाचला. गुरांच्या दवाखान्याची सरकारी जागा, बारा गुंठे. ग्रामपंचायतीनं ठराव केला आन गोरक्षनाथ शेठच्या नावावर चढवली. तिथं आता त्याचे गाळे उभे हायेत. सह्या सरपंचाची आन ग्रामसेवकाची. दोघांवर गुन्हा. जेलचं काम हाय.

४ जून
वाल्मिक जेवला न्हाई. माझा ल्योक हाय, मला ठाव हाय. त्यानं कायतरी केलं की त्याला घास उतरत न्हाई. म्हनला, "विरोधी पार्टीचं काम हाय, आई. तू नको मधी पडू."
दवाखाना विरोधी पार्टीनं पाडला व्हय?

६ जून
सुनेचा संशय येतो. गप गप असती. सरपंच ती, पन खुर्चीत बसतो वाल्मिक. गाव त्यालाच सरपंच म्हनतं. हिला झेंड्याच्या दिवशी नवी साडी नेसवून नेतो, फोटो झाला की घरी आनून सोडतो. तरी सही तर हिचीच. बारावी शिकल्याली बाई, न वाचता सही करती?
इचारलं. म्हनली, "केली असंल, आत्याबाई."
केली असंल! मीठ टाकलं असंल म्हनल्यावानी.

९ जून
ग्रामसेवक रामहरी आला. दार लोटून घेतलं. मी वट्यावर तांदूळ निवडाय बसले. मला कमी दिसतं, ऐकाय बरं येतं.
रामहरी म्हनत हुता, "वहिनींनी अंगावर घेतलं तर तुमी भायेरून सोडवाल. बाईमानसाला जामीन लवकर मिळतो. तुमीच आत गेला तर कोन पळंल?"
वाल्मिक "व्हय" म्हनला. लगीच. बायकूला जेलात घालायचं, तर मानूस घोटभर पानी तरी पितो.

१० जून
ठरावाची तारीख २६ सप्टेंबर. मागल्या सालची वही काढली. २५, २६, २७ कोरं. २८ ला वाकडंतिकडं लिवलंय — "डोळ्याची पट्टी सोडली. राजेश्वरी तीन दिस नगरला दवाखान्यात माझ्यापाशी. उठली न्हाई."
मग गावात सही कुनी केली?
कोन म्हंजे काय. गॅसचा फारम असो का बँकेचा, वाल्मिकच तिचं नाव लिवतो. "तिला कुठं नेत बसू" म्हनतो. सेम टू सेम काढतो. आमी कवतिकानं हसायचो. मी बी हसले.

१२ जून
ठरलं. कुनाला सांगितलं न्हाई.

१६ जून, सोमवार
वही घेऊन चौकशीला गेले. सायेब बाई हुत्या. वाल्मिक आन राजेश्वरीला त्यांनी बोलावलंच हुतं. मला बघून वाल्मिकचं तोंड पडलं. मी सांगितलं, सही सुनेची न्हाई, माझ्या ल्योकाची हाय. २८ तारखेचं पान दावलं. सायेबबाईंनी दोनदा वाचलं.
तवा राजेश्वरी उठली. "सही माझीच हाय, म्याडम. मधी एक दिस मी गावाला येऊन गेल्ते. आत्याबाईंच्या डोळ्याला पट्टी हुती, त्यांना काय दिसनार? वय झालंय त्यांचं."
सगळ्यांच्या म्होरं मला येडी केलं. खोटं बोलली. तीन दिस तिचा हात माझ्या हातात हुता, त्याला डोळे लागत न्हाईत.
म्हंजे ही बी नवऱ्याच्या कटात हाय. मी हिला सोडवाय गेले आन ही दोर घट्ट करती. येताना जीपमधून उतरवाय तिनं हात दिला. मी झटकला.

१७ जून
तिच्या हातची भाकर खाल्ली न्हाई. माझी मी केली. जळाली.

१९ जून, गुरुवार
आज पुन्हा कागद आला. शिपायानं हातात दिला. ह्या बारीला नाव माझं — लंकाबाई सूर्यभान. शेठच्या गाळ्यांतला दोन नंबरचा गाळा माझ्या नावावर हाय. जागेच्या बदल्यात दिल्याला. खाली माझी सही. माझीच हाय, वाल्मिकनं काढल्याली न्हाई. कवा केली आठवत न्हाई. त्यानं कागद म्होरं धरला की मी करते, वाचत न्हाई.
राजेश्वरीला ठाव हुतं. वाल्मिकचं उघडं पडलं की माझ्या गाळ्याचं बी पडनार, म्हनून चौकशीत उठली हुती.
म्हनलं, मला सांगितलं का न्हाईस?
"सांगितलं असतं तर गप बसला असता का, आत्याबाई?"
न्हाई, म्हनलं. च्या ठिव. उद्या दोघी सायेबबाईंकडं जाऊ.