उजव्या हाताची तीन बोटं

प्रिय भिंगरी,

ताईचा गुडघा कसा आहे? जिना उतरताना ती अजून आधी इकडेतिकडे बघते आणि मगच कठडा धरते का, कुणाला दिसू नये म्हणून? तिला म्हणावं, धर खुशाल, कठडा त्यासाठीच बांधतात. भाऊजींचा खोकला गेला, की अजून दर वाक्यात दोन स्वल्पविराम खोकून देतात? धाकट्याचा मुरगळलेला पाय बरा झालेला दिसतोय, कारण परवा फोनवर मागून त्याच्या उड्या ऐकू येत होत्या. आणि तुझी मान? कामाला बसलं की मानेत कळ येते म्हणालीस. त्या मानेचं मला जरा सविस्तर लिही. उगाच विचारत नाहीये.

इकडे तुझी मामी ठणठणीत आहे, म्हणजे माझं काही खरं नाही. मीही बराच आहे. अक्षर डुगडुगतंय त्याचं कारण पुढे येईल. फोन केला असता, पण फोनवर तू नुसती "हो मामा, हो रे मामा" करतेस आणि मला काय सांगायचं होतं तेच मी विसरतो. कागदावर निदान मागचं वाक्य पुन्हा वाचता येतं. शिवाय या प्रकरणात माझा इतका गोंधळ उडालाय, की लिहिता लिहिता काही सुटलं तर सुटेल.

येत्या शनिवारी तू कंपनी ठरवणार आहेस. वर्षभर नखांना त्याच कंपनीचं जेल लावायचं, ते वाळवायचा दिवाही त्यांचाच, आणि ती नवी रस्त्याकडची खोली थाटायची. "मामा, तू सांगशील तीच घेईन," असं म्हणून तू माझ्या गळ्यात धोंडाच बांधलास. अगं, पंखे आणि मिक्सर दुरुस्त करणारा माणूस मी. तेही कुणी शिकवलं नाही, उघडून बघत बघत शिकलो. मला नखाच्या रंगातलं काय कळतंय? पण तू म्हणालीस, "तुझ्यासारखे हात कुणाचे नाहीत. दिवसभर रॉकेल, ग्रीस, स्क्रू. तुझ्या नखावर टिकेल ते जगात कुठेही टिकेल." मी बापडा फुशारलो आणि दोन्ही हात पुढे केले. पाच कंपन्यांच्या पाच बाटल्या. अंगठ्यांना वांगी रंग, मग गुलाबी, मग पिवळा, चौथ्या बोटांना निळा, करंगळ्यांना लाल. डावीकडे जे, तेच उजवीकडे. असा नटून मी दुकानात परत आलो.

दुकानात माझी काय शोभा झाली म्हणतेस! शेजारचा टायरवाला दारात उभा राहून म्हणाला, "काय शेठ, सर्कस आली का गावात?" एक बाई मिक्सर घेऊन आल्या होत्या. मी भांड्याचं पातं फिरवून दाखवत होतो आणि त्या पात्याकडे बघतच नव्हत्या. शेवटी हळूच म्हणाल्या, "काका, हा निळा कुठे मिळतो हो?" त्यांना मी तुझं नाव सांगितलं, म्हणजे पहिलं गिऱ्हाईक मी आणलं हे लक्षात ठेव. मामी मात्र बँकेत जाताना हातमोजे घाला म्हणून मागे लागली. ऐन उन्हात हातमोजे घातलेला म्हातारा बँकेत शिरला तर रखवालदार काय करेल, हे तिला सुचलं नाही.

मी सगळं प्रामाणिकपणे बघत होतो. तू दिलेल्या रिकाम्या खोक्यांवरचं बारीक अक्षर भिंग लावून वाचलं आणि आणखीच गोंधळलो. प्रत्येकानं आपल्यात काय नाही तेच छापलंय. यात अमुक नाही, त्यात तमुक नाही. अगं, पंख्याच्या खोक्यावर "यात मिक्सर नाही" असं कुणी लिहितं का? तुझ्या क्लासच्या बाई सांगतात महागातली घे, तुझी मैत्रीण सांगते नवीन आहेस तर साधी घे, मोबाइलमधली ती पोरगी रोज नवीच सांगते. मी म्हटलं, आपण आपली बोटं बघावी. वांगी रंगाचे टवके आधी उडाले. गुलाबी तर सालीसारखा अख्खा निघून मिक्सरच्या भांड्यात पडला, तो मी गिऱ्हाईक बघायच्या आत उचलला. पिवळ्यानं ग्रीस पिऊन वेगळाच रंग धरला. लाल नुसताच विटला. निळा मात्र पहिल्या दिवसासारखा चकाकतोय. रॉकेलात बुडवला, घासणीनं घासला, ढिम्म हलला नाही. म्हटलं, सुटलो! निळा घे, असं एका ओळीत कळवून मोकळा होणार होतो.

निळा म्हणजे तो पेटीवाला जिचा माल विकत फिरतो ती कंपनी. मी त्याला पेटीवाला म्हणतो, कारण त्याच्या हातात कायम ती नमुन्यांची काळी पेटी असते. मामी त्याला अत्तरवाला म्हणते, कारण तो जाऊन तास झाला तरी तो गेलाय असं वाटत नाही. पोरगा वाईट नाही, मला तर आवडला. बोलतो गोड, पण थापा मारत नाही. "काका, खालचा बेस, रंग, वरचा चकाकीचा हात आणि दिवा, सगळं एकाच घरचं असलं की भांडत नाहीत," हे त्याचं म्हणणं मला पटलं. आमच्या मोटारीलाही दुसरीचा आर्मेचर बसवला की कुरकुर करते. तो घरी येऊन ताई-भाऊजींना भेटून गेला हेही कळलं. नव्या खोलीत तू आणि तो मिळून धंदा करायचं म्हणताय, आणि ताई म्हणाली की धंद्याच्या पुढचंही काही आहे. तू मला त्यातला चकार शब्द बोलली नाहीस. नको बोलूस. मामा आहे म्हणून काय झालं, सगळं थोडंच सांगतात.

पण ती एक ओळ लिहायच्या आधीच बोटं खाजायला लागली. आधी वाटलं डास. मग तिथली कातडी लाल झाली, बारीक पुरळ आलं आणि नखाच्या मुळाशी चिरा पडल्या. स्क्रूड्रायव्हर धरवेना. कुठलं बोट, तर निळं. मामीला तर हेच हवं होतं. "बघा, मी म्हटलं नव्हतं? अत्तरवाल्याचा माल!" पण खरं सांगू का, नुसतं निळंच नाही. त्याच्या अलीकडचं पिवळंही खाजत होतं आणि पलीकडची लाल करंगळीही. तीन बोटं, तीन वेगळ्या कंपन्या. तिघींनी मिळून कट केल्यासारखं. आणि हे सगळं फक्त उजव्या हाताला. डाव्या हाताला तेच पिवळं, तेच निळं, तेच लाल, आणि कातडी लोण्यासारखी. डाव्याला जे मानवतं ते उजव्याला का चावतं? माझं डोकंच चालेना. दिवा म्हणावा तर तोही एकच होता. मग वाटलं, उजवा हात जास्त राबतो म्हणून असेल. पण राबतात ती अंगठा आणि पहिलं बोट. करंगळी तर नुसती सोबतीला असते, आणि खाजत होती तीच जास्त.

डॉक्टरांनी मलम दिलं आणि रंग काढून टाका म्हणाले. म्हणून कोपऱ्यावरच्या पार्लरवालीकडे गेलो. वयानं माझ्याएवढीच असेल, गळ्यात साखळीला चष्मा. तिनं तो डोळ्यांवर चढवला, दिवा ओढला, माझे दोन्ही हात पालथे केले आणि एकेक नख निरखून पाहिलं. मग म्हणाली, "डावा हात कुणी केला आणि उजवा कुणी?" मी म्हटलं, एकाच मुलीनं, माझ्या भाचीनं. "शक्य नाही. ही सात बोटं एकीची आहेत. काय कडा राखलीय बघा, केसाएवढी जागा सोडून. आणि ही तीन दुसऱ्याच कुणाची. रंग सरळ कातडीवर चढलाय आणि तसाच दिव्याखाली गेलाय." मी पुन्हा म्हटलं, अहो एकीनंच केलीत, मी समोर बसलो होतो. तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी गिऱ्हाइकाकडे पाहतो, जेव्हा ते म्हणतं की पंखा आपोआप पडला.

रंग सोडवता सोडवता तिनं मला समजावलं. कंपनी चांगली असो की वाईट, ओलं जेल कातडीला लागता कामा नये. लागलंच तर दिव्याखाली घालायच्या आधी पुसायचं. कुणाची कातडी एकदोनदा सोसते, कुणाची पहिल्यांदाच बिथरते, पण एकदा का तिनं मनात धरलं, की आयुष्यभर विसरत नाही. मग दुसरी कंपनी, तिसरी कंपनी, कशाचाच उपयोग नाही. "गिऱ्हाइकाचं तर वाटोळं होतंच, पण लावणारीच्या बोटांनाही एक दिवस तेच होतं. माझ्याकडे कामाला असलेल्या दोन मुली धंदा सोडून गेल्या," म्हणाली. मी तिथून निघालो तो रस्ता चुकून भलत्याच गल्लीत शिरलो. डोक्यात एकच, सात बोटं एकीची आणि तीन बोटं दुसरीची, ही दुसरी आली कुठून?

मामीनं सोडवलं गं ते, आणि तिला पत्ताही नाही. कपडे धुवायला काढताना तिनं माझ्या सदऱ्याचे खिसे तपासले आणि म्हणाली, "भाचीचा चष्मा मागे ह्याच खिशात घेऊन आला होतात ना? धुतला असता तर त्या पोरीनं काय केलं असतं!" आणि मला तो दिवस जसाच्या तसा दिसला. डावा हात झाला होता. उजव्याचा अंगठा आणि पहिलं बोट झालं होतं. तेवढ्यात दारावरची घंटी वाजली आणि तो अत्तराचा वास आला. तू झटकन चष्मा काढलास आणि "मामा, हा जरा ठेव" म्हणून माझ्या खिशात सरकवलास. मग त्याच्याशी हसत बोलत माझी उरलेली तीन बोटं केलीस. इतकी वाकून, की तुझं नाक माझ्या करंगळीला लागेल असं वाटलं. मला वाटलं, काय मन लावून करते पोरगी! आता कळतंय तुझी मान का दुखते. तो आता रोजच येतो ना?

तुला आठवतं का गं, तुला पहिला चष्मा लागला तेव्हा तू माझ्या दुकानात आली होतीस? भिंतीकडे बघून ओरडलीस, "मामा, तुझ्या घड्याळाला सेकंदकाटा आहे!" इतकी वर्षं तो काटा फिरत होता आणि तुला माहीतच नव्हतं. मी गिऱ्हाईक सोडून तुला सगळं दुकान दाखवलं, वायरीचे रंग, पंख्याच्या पात्यावरचं कंपनीचं नाव. तू नुसती "हे पण दिसतं! हे पण!" करत होतीस. आणि पुढच्याच आठवड्यात शाळेतून रडत आलीस, कुणीतरी ढापणी म्हटलं म्हणून. तेव्हापासून तो चष्मा नुसता घालायचा आणि काढायचा झाला. फोटो काढताना काढायचा, पाहुणे आले की काढायचा. आम्हीही हसण्यावारी नेलं.

आता पत्र का लिहिलं ते सांगतो. कंपनीचं विचारशील, तर मला अजूनही नीट कळलेलं नाही. निळा टिकतो एवढं माझं डावं करंगळीशेजारचं बोट सांगतं, बाकी तुझं तू ठरव. पण एक गोष्ट मला या सगळ्या घोळातून पक्की कळलीय. ज्याच्यासमोर चष्मा काढावा लागतो, त्याच्या शेजारी बसून तुला हे काम करता यायचं नाही, आणि बहुतेक दुसरंही काही नाही. त्यात त्या पोराचा काय दोष? त्यानं काढ म्हटलेलं नाही. त्याला तर तुला चष्मा आहे हेच माहीत नाही. म्हणून शनिवारी सही करायच्या आधी एवढंच कर. चष्मा लाव, चांगला घट्ट बसव, आणि त्या पेटीवाल्याला समोरच्या खुर्चीत बसवून म्हण, आता हात पुढे कर. त्याच्या दहाही नखांना त्याचाच निळा लाव. तू भिंगातून त्याच्याकडे बघशील तेव्हा त्याचा चेहरा कसा होतो ते नीट बघ, आता तुला दिसेल. आणि मग ती दहा निळी नखं घेऊन तो रस्त्यानं टायरवाल्यासारख्यांच्या समोरून हसत घरी गेला, तर कंपनीही घे आणि बाकी जे काही असेल तेही घे. हात मागे ओढून घेतला, तर आणखी चार कंपन्या आहेत, आणि माझा डावा हात अजून शाबूत आहे.

मामीला यातलं काही बोललेलो नाही, तिला अजून निळ्यावरच संशय आहे. मलमानं उतार पडतोय, काळजी करू नकोस. पण शनिवारी काय झालं ते लगोलग लिही. फोन नको, पत्रच लिही, म्हणजे ते लिहायला तरी तुला चष्मा लावावा लागेल.

तुझाच,
सात बोटांचा मामा