लिंबावरचं घरटं आणि बिंद्राबाईंची मांजरं

९ एप्रिल
सकाळी मागच्या पायरीवर पिसं. होला पक्ष्याची. राखाडी, मूठभर. फरशीवर रक्त वाळलेलं. भिंतीपलीकडच्या बिंद्राबाईंच्या तांबड्या बोक्याचं काम, दुसऱ्या कुणाचं नाही. काल सं. भिंतीवर बसून मिश्या चाटत होता. ह्यांना दिसू नये म्हणून घाईने फरशी धुतली, पण खिडकीत बसलेले, दिसलंच. दु. जेवले नाहीत. दोन घास, मग तोंड फिरवलं.

आता लिंबावर घरटं आहे. वाटीएवढं. काळं डोकं, बुडाखाली लाल, तो पक्षी. रेवा म्हणते बुलबुल. स्टुलावर चढून बघून आली, "आजी, तीन अंडे हैं!" नातीला मराठी सगळं कळतं, तोंडातून हिंदी.

मला पक्ष्याबिक्ष्याचं कौतुक नाही. पण दिवाळीत झटका आल्यापासून ह्यांचा उजवा हात गेला नि वाचा गेली. जन्मभर लाँच चालवली, आता नुसतं आं-आं. अलिबागहून इथे उत्तरेत मुलाकडे, प्रशांतकडे आणलं, मोठा दवाखाना झाला, गोळ्या झाल्या. जेवण काही सुधारलं नाही. गेले आठ दिवस त्या घरट्याकडे बघत बसतात आणि बघता बघता भात संपवतात. तेवढ्यासाठी घरटं राहिलं पाहिजे. बाकी काही नाही.

११ एप्रिल
गेले बिंद्राबाईंकडे. बसा, चहा, मठरी. म्हटलं, चहा नको, तुमारा बिल्ली हमारा पंछी खाता. बाई हसल्या. "आंटी जी, मैं की करां? मेरी सुणदा कौन है? ना बिल्ली, ना सरदारजी."
त्यांचं ऐकतं कोण म्हणे, ना मांजर, ना नवरा. बोक्याचं नाव शेरू, मांजरी मिन्नी. मुलगा कॅनडात, म्हणून सगळे लाड ह्या दोघांचे. दूध, पनीर. पनीर! म्हटलं बांधून ठेवा. "बिल्ली भी कोई बांधता है?"
ते बरोबरच म्हणा. आपणही कधी बांधली नाही. चहा प्यायले शेवटी. आलं जास्त.

१२ एप्रिल
हवाई दलातले म्हात्रे सुट्टीवरून आले. नणंदेने त्यांच्या हाती सुकट नि बोंबील पाठवले. मार्चमधले संपतच आले होते, बरं झालं. अनघा शाकाहारी, नागपूरची, घरात वास नको. सून काही बोलत नाही, नुसती खिडक्या उघडत फिरते. म्हणून माझं सगळं मागच्या पायरीवर. सुकट उन्हात टाकली, बोंबील साफ केले. डोकी-शेपट्या लिंबाच्या बुडात पुरल्या, धुतलेलं पाणी वर ओतलं. घरी माडाला घालतो तसं. तीन वर्षं हे लिंबू नुसतं उभं होतं म्हणे. मी जानेवारीत आल्यापासून खत घातलं तर बघा कसं फुललंय. प्रशांतला झाडातलं काही कळत नाही.
ह्यांना भाकरी नि सुकटीची चटणी. बोट चाटलं.

१५ एप्रिल
शेरू आज लिंबाच्या बेचक्यापर्यंत चढला. बादलीतला मग मारला. अर्धं पाणी माझ्याच पदरावर. खिडकीतून हे आं-आं. घास खाली पडला.
रेवाने फोनवर बघून उपाय काढले. संत्र्याची सालं, कॉफी, मिरपूड. मिरपुडीने मी दिवसभर शिंकले. सालांवर मिन्नी झोपली.

१७ एप्रिल
प्रशांत ऑफिसात यंत्र बनवून घेऊन आला. कुणी जवळ आलं की चीं-चीं वाजतं. मांजर आलं, वाजलं. कावळा आला, वाजलं. दूधवाला गेटातून आला तरी मागे वाजलं. मांजरं कंपाउंडवर बसून ऐकत होती. बुलबुल मात्र उडून गेली, अर्धा पाऊण तास अंडी उघडी. ह्यांनी ताट ढकललं.
वायर उपटली.
"आई, रेंज कमी करतो ना."
म्हटलं यंत्र ऑफिसात ने, तिथे त्याचा पगार देतात.
बुलबुल आली परत. बसली. मग मीही बसले.

१९ एप्रिल
पिल्लं निघाली. तिन्ही. नुसती तोंडं, लाल, उघडी. ह्यांच्या तोंडाची डावी बाजू हसली.
दु. सुकट धुतलेलं पाणी लिंबाला घालत होते, तर खिडकीतून "नको". म्हटलं गप बसा हो, तुमचं मध्येच काय. काठीने झाडाच्या बुडाकडे दाखवत राहिले. मला कुठला वेळ, आत दूध उतू चाललेलं.

२१ एप्रिल
लिंबाखालची माती कुणीतरी उकरली. कुत्रं असेल. बोगनवेलीचे काटे टाकले. काटे बाजूला सारून परत उकरलेलं. दोन्ही मांजरं आता दिवसातून चार चार वेळा. पूर्वी एवढी येत नव्हती.
मी काठी घेऊन पायरीवर. सकाळी दोन तास, संध्याकाळी दोन तास. कंबर गेली. अनघा म्हणे, आई तुम्ही आत या, निसर्ग आहे तो. म्हटलं निसर्गाला सांग आधी तुझ्या सासऱ्यांना जेवू घाल.
ह्यांचं लक्ष घासाकडे नाही, मांजराकडे. पाव भाकरी.

२३ एप्रिल
काय लिहू.
सकाळी बिंद्राबाई भिंतीवरून डोकावल्या. तोंड उतरलेलं. "आंटी जी, मेरा शेरू दो दिन से उल्टियां कर रहा है. आप उसको क्या खिलाते हो?"
मी? म्हटलं मैं क्या खिलाएगी, मैं तो काठी दिखाती.
"तो उसके मुंह से मच्छी की बदबू क्यों आती है? मेरे घर तो अंडा भी नहीं आता जी."
मी तोंड उघडलं चांगलं सुनावायला. तेवढ्यात मिन्नी उतरली लिंबाखाली. घरट्याकडे वर बघितलंसुद्धा नाही बयेने. पुढच्या दोन पायांनी माती उकरली, बोंबलाचं डोकं काढलं, आणि आमच्या दोघींसमोर बसून कुरकुर खाल्लं. खाऊन झाल्यावर पंजा चाटला. मग वर बघितलं. पिल्लं चिवचिवत होती.
बाई माझ्याकडे बघतायत. मी मांजरीकडे.
"आंटी जी," बाई म्हणाल्या, "आप तो दावत दे रहे हो."

तिकडे घरी मांजरं मासळी खाऊन बंदरावर लोळतात, पक्ष्याकडे ढुंकून बघत नाहीत. बुडात पुरलेलं कोण उकरतंय. इथे आख्ख्या सेक्टरात मासळी म्हणून ती एवढीच. पनीर खाणाऱ्या मांजरांना मीच चव लावली, नि ती नेमकी घरट्याखाली. तो होलाही माझ्याच खात्यावर.

दु. भेंडी चिरत होते. हात थांबला. त्या दिवशी ह्यांनी काठीने बुडाकडेच दाखवलं होतं. ह्यांना खिडकीतून सगळं दिसत होतं. आणि नको म्हणाले होते. आं-आं नाही. नको. स्पष्ट. दिवाळीपासूनचा पहिला शब्द, आणि मी गप बसा म्हटलं.
भेंडी तशीच ठेवून गेले त्यांच्याजवळ. पायांवरची चादर सारखी केली.

२४ एप्रिल
प्रशांतने अर्धी रजा टाकली. लिंबाच्या बुडातली सगळी वासाची माती काढली. सहा गोण्या. मुळं सांभाळून, पक्षीण डोक्यावर ओरडतेय. ताजी माती टाकली. प्रशांत घामाघूम. "आई, मला यंत्र बनवायला लावलंस आणि…" म्हटलं मी नव्हतं लावलं. खण.

संध्याकाळी बिंद्राबाईंकडे गेले. मेरा गलती. बाई हात धरून हसत सुटल्या. "मैं तो डॉक्टर बदलने चली थी!" शेरूला काही नाही, खारट खाऊन झालं ते. पिल्लं उडेपर्यंत दोघांना वरच्या खोलीत ठेवते म्हणाल्या. "कूलर लगा दूंगी, मौज करेंगे." सरदारजी आतून ओरडले, "मेरे कमरे में कूलर नहीं लगता, बिल्ली के लिए लगेगा!" बाईंनी ऐकलंच नाही.
सुकट आता घट्ट झाकणाच्या डब्यात. भाजायची झाली तर म्हात्र्यांकडे. त्यांची बायको वाटच बघते.

ह्यांना म्हटलं, चुकलं माझं. परत म्हणा बघू. ताट पुढे केलं. भाताकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.
"नको."
हसावं की ओरडावं. मी भात परत नेला, डोळे पुसले, आणि मऊ करून आणला. खाल्ला.

२७ एप्रिल
आता सगळ्यालाच नको. गोळी नको. अंघोळ नको. प्रशांत हाताचा व्यायाम घ्यायला बसला, नको. अनघाने व्हिडिओ काढून नागपूर, अलिबाग, पुणे सगळीकडे पाठवला. नको शब्दाचा व्हिडिओ! काय एकेक. नणंदेचा फोन, रडते. म्हटलं रडू नकोस, तुझ्याबद्दल विचारलं असतं तरी नकोच म्हणाले असते.
तीन दिवस मांजर नाही. मी दुपारी झोपले, किती दिवसांनी.
भाकरी दीड.

१ मे
आज पिल्लं उडाली. दोन सरळ विजेच्या तारेवर. तिसरं मात्र फडफडत खाली, मेंदीच्या कुंपणाशी. आई-बाप डोक्यावर कालवा करतायत.
मी आत, हात पिठात. बिंद्राबाईंकडे कूलर दुरुस्त करायला माणूस आलेला, दार उघडं राहिलं, शेरू भिंतीवर. हे मला सगळं मागाहून कळलं. मला ऐकू आली ती काठी, खिडकीच्या गजावर खण खण खण. आणि मग, "ए! ए! हट!"
माझ्या हातातला गोळा पडला. तो आवाज. धक्क्यावर माणसं लाँचमध्ये उड्या टाकायची तेव्हा असा दरडावायचे. चाळीस वर्षं ऐकलेला.
बाहेर धावले तर शेरू भिंतीपलीकडे गेलेला, बिंद्राबाईंनी धरला. "आंटी जी, अंकल जी बोले?" म्हटलं हो, बोले. चिल्लाए.
पिल्लू कुंपणात गप. संध्याकाळपर्यंत आई चोचीत आणून भरवत होती.
हे दमले होते. घाम. पण दोन भाकऱ्या.

२ मे
कुंपणात पिल्लू नाही. रेवाने वाकून वाकून शोधलं. पिसंही नाहीत, रक्त नाही. उडालं असणार. मी ह्यांना तसंच सांगितलं. मान हलवली. मलाही पटलं, बऱ्यापैकी.

७ मे
घरटं रिकामं. हे तरी तिकडेच बघतात. भाकरी अर्धी.
शब्द आहेत, पाच-सहा झालेत. रेवा बोटावर मोजते. पण खिडकीत बसून राहतात तास तास. फिजिओवाली पोरगी म्हणते बाहेर काढा, चालवा. वॉकर दारामागे जानेवारीपासून उभा आहे, कोरा. पुढे केला की नको.

१४ मे
स. बिंद्राबाईंची हाक, भिंतीवरून, घाबरीघुबरी. "आंटी जी! ओ आंटी जी! तुहाडे बुलबुल!"
जोडी त्यांच्या व्हरांड्यात काड्या आणतेय. टांगलेल्या कुंडीत. नेमकं तिच्याखाली शेरूचं गादीवालं टोपलं. "हुण मैं की करां?"
म्हटलं, मच्छी मत डालो.
बाई हसल्या, पण चेहरा काळजीचा. मांजरं परत वर कोंडली तर सरदारजी खाली झोपणार नाहीत म्हणतात, वरचा कूलर त्यांनाच पाहिजे. टोपलं हलवलं तर शेरू रुसतो. म्हटलं रुसू दे. बघू म्हणाल्या. पक्षी मांजरांच्याच दारात कसे येऊन पडतात कोण जाणे, पण ह्या वेळी माझी माती नाही त्यात.

आत येऊन ह्यांना सांगितलं. सहज सांगितलं, कुंडीत, व्हरांड्यात, इथून दिसत नाही म्हटलं.
मी ताक घुसळायला गेले.
मागे काहीतरी खरडल्याचा आवाज. वळून बघते तर डाव्या हाताने वॉकर ओढत होते. मी जागची हलले नाही. प्रशांतला हाक मारली नाही. अनघा फोन काढायला लागली, तिला डोळ्यांनीच दटावलं.
मागच्या दारापर्यंत आले. सात पावलं. पायरीच्या कडेला थांबले. पायरी उंच आहे, चांगली वीतभर. पलीकडे बिंद्राबाई व्हरांड्यात उभ्या, कुंडीकडे बोट दाखवतायत, "आओ जी अंकल जी, आओ."
हे पायरीकडे बघतायत. मी जवळ जाऊन उभी राहिले, हात लावला नाही.
म्हटलं, नको का?
वॉकरचे पुढचे दोन पाय खालच्या पायरीवर टेकवले आणि मागोमाग एक पाय खाली टाकला.