मैत्रीभावनेची पहिली ओळ

आप्पा,

धम्मदीक्षेनंतरच्या पहिल्या हिवाळ्यात चुलीजवळ बसवून तुम्ही मला मैत्रीभावना शिकवलीत. प्राणिमात्रांसाठी सुख मागण्याची ती रीत. तिचा आरंभ 'मी सुखी होवो' असा असतो, हे मला पुष्कळ वर्षांनी ग्रंथ वाचताना कळले. तुम्ही थेट आईपासून सुरुवात करीत असा. मग शेजारी, मग वैरी. एकदा मी विचारले, "आणि आपल्यासाठी?" डोळे न उघडता तुम्ही म्हणालात, "आपल्यासाठी मागत बसायला वेळ नाही. तू बोर्डात ये." मी आलो. गुणपत्रिकेची घडी घालीत तुम्ही विचारलेत, "गणितातले तीन गुण कुठे गेले?"

तुम्हाला दोष देत नाही. ज्या गावाने आपल्याला विहिरीपाशी उभे राहू दिले नाही, तेथे लाड परवडणारे नव्हते. परंतु ती रीत मी अमेरिकेत आणली. तोवर पहिली ओळ मला ठाऊक झाली होती. तरीही मुलीला ती शिकवली नाही.

ती ॲन आर्बरला शिकते. परवा तिच्या मैत्रिणीचा फोन आला, "काका, प्लीज या. ती क्लासला जात नाही, जेवतही नाही." बर्फातून गाडी चालवीत मी पोहोचलो, तर ती घरातही कोट घालून खिडकीशी बसलेली. विद्यापीठातल्या समुपदेशक बाईंनी स्वतःविषयी एक चांगले वाक्य लिहून आणायला सांगितले होते. कागद कोरा होता.

"आय ट्राइड, बाबा. काही सुचतच नाही. तुम्ही सांगा ना एक."

"तू हुशार आहेस," मी म्हणालो.

ती हसली. "ते माझे ग्रेड्स झाले, बाबा. मी नाही."

उठून मी वरणभात लावला. तिने दोन घास खाल्ले.

आज सकाळी तिला मैत्रीभावनेसाठी बसवले, पहिल्या ओळीपासून. "यू फर्स्ट," ती म्हणाली. मी डोळे मिटले. वैऱ्यासाठीची पदेसुद्धा मला मुखोद्गत आहेत, आप्पा. 'मी सुखी होवो' एवढे मात्र माझ्याने म्हणवेना. मग ती उठली आणि पुन्हा कोट घालून खिडकीशी जाऊन बसली. मी इकडे स्वयंपाकघरात बसून हे लिहीत आहे.

या पत्राला पत्ता नाही, ते कोठेही जाणार नाही. तरीही घडी घालण्यापूर्वी मी ते दोनदा तपासले. तुम्ही चूक काढाल, असे वाटले.