फळीवरची नात

१७ नोव्हेंबर, सोमवार. पहाटे ५.४०
आजपासून रोजनिशी पुन्हा सुरू. हेतू आत्मपरीक्षणाचा. अन्य कोणाच्या हाती पडू नये म्हणून वही शेल्फावर कोशाच्या मागे ठेवीन. जाड काळ्या मार्करने लिहीत आहे. बॉलपेनची शाई हल्ली फार फिकी येते.

प्रसंग असा. नात जान्हवी गेली तीन वर्षे रोज सकाळी सहा ते सात माझ्यासमोर बसून पोथी मोठ्याने वाचते आणि मी अर्थ सांगतो. मुलीचे उच्चार शुद्ध व्हावेत, एवढाच उद्देश. एकवीस अध्यायांपैकी बारा झाले. मात्र गेले नऊ दिवस ती पहाटेच वर्सोव्याच्या किनाऱ्यावर जाते. तेथे स्किमबोर्ड नावाचा प्रकार चालतो. बी.एस्सी. झालेली मुलगी.

मी स्वतः वाचू शकतो. पण पोथी माझ्या वडिलांच्या वेळची, आणि तिची छपाई अलीकडे बिघडली आहे.

संकल्प: धनुर्मास लागण्यापूर्वी, म्हणजे १६ डिसेंबरच्या आत, जान्हवी पुन्हा पोथीसमोर.

१९ नोव्हेंबर, बुधवार. सकाळी ८.३०
निषेध नोंदवण्यासाठी किनाऱ्यावर गेलो. यारी रोडवरून चालत बारा मिनिटे.

प्रकार समजून घेतला. ओल्या वाळूवर पाण्याचा पातळ पापुद्रा असतो. त्यावर लाकडी फळी फेकायची, तिच्यामागे धावायचे आणि ती निसटून जात असतानाच तिच्यावर उभे राहायचे. मग पडायचे. पंधरा-सोळा मुले-मुली पडत होत्या. कोळीवाड्यातली काही, आमच्या इमारतीतली चार, आणि कुर्ल्याहून अंधारातच निघून येणारी जान्हवीची मैत्रीण तेजल. फळ्या बनवून देतो तो खंडू. चाळिशीतला कोळी, होड्या दुरुस्त करणारा. प्लायवूड कापून वर रेझिनचा लेप देतो. काम सुबक आहे, हे मान्य केले पाहिजे.

चित्तस्थैर्य या विषयावर वीस मिनिटे बोलण्याची तयारी होती. चार मिनिटे झाली असतील. लाट मागे सरली आणि सगळे पळाले. खंडू म्हणाला, ओल सुकते गुरुजी, ती काय थांबत नाय. उरलेली सोळा मिनिटे त्याला ऐकवली. तो फळी घासत होता.

परत निघताना तेजल म्हणाली, गुरुजी, उद्या पण या ना, इथे कुत्री चपला पळवतात.

आदर आहे.

२४ नोव्हेंबर, सोमवार
सलग सहावा दिवस. मला उपडी होडी बसायला दिली आहे. भोवती सगळ्यांच्या चपला, मांडीवरच्या पिशवीत सगळ्यांचे मोबाईल. इतका विश्वास लोक पूर्वी कुलगुरूंवर टाकीत. कालपासून मुले मला मार्गदर्शक म्हणतात. इमारतीतला एक जण सिक्युरिटी म्हणाला, त्याकडे दुर्लक्ष केले.

विशेष आनंदाची गोष्ट. खंडू रोज विचारतो, गुरुजी, आज तिथ कंची हाय? मी सांगतो. तो डोळे मिटून क्षणभर पुटपुटतो आणि कामाला लागतो. पाच दिवसांपूर्वी या माणसाला धर्माशी काही देणेघेणे नव्हते. जान्हवीवरही असाच परिणाम होणार. केवळ वेळेचा प्रश्न.

तेरावा अध्याय अद्याप उघडलेला नाही.

२९ नोव्हेंबर, शनिवार. रात्री ८
सूनबाई दीप्तीने जेवताना पुन्हा डोळ्यांचा विषय काढला. म्हणाली, बाबा, तुम्ही आमटी ताटाबाहेर वाढून घेतलीत. मी म्हणालो, ताटांचे काठ हल्ली उथळ येतात. ती म्हणाली, हे ताट तुमच्या लग्नातलं आहे.

मोतीबिंदू पिकू द्यावा लागतो. घाईने केलेली कोणतीही गोष्ट टिकत नाही. तिला सविस्तर सांगितले. ती ताटाखाली वर्तमानपत्र ठेवीत होती.

३ डिसेंबर, बुधवार
बातमी. किनाऱ्यावर कॉम्पिटिशन ठरली आहे. २० डिसेंबर, सकाळी साडेसहा. मालवणच्या बाजूला मुलांना हा खेळ शिकवण्याचे शिबिर भरते. तिथल्या रुचिरा मॅडम स्वतः येऊन पाहणार आणि एकीला सोबत नेणार. मुक्काम चार महिन्यांचा.

जान्हवीने घरात घोषित केले की मला ते मिळवायचंय. अनिरुद्ध, म्हणजे तिचा बाप आणि माझा मुलगा, म्हणाला, जा की. दीप्ती म्हणाली, थंडीचे कपडे लागणार नाहीत, बरं आहे. मला कोणी विचारले नाही. विचारले असते तर मी संमती दिलीच असती, काही अटींवर.

एकवीस वजा बारा म्हणजे नऊ अध्याय. चार महिने.

४ डिसेंबर, गुरुवार. दत्तजयंती
कॉम्पिटिशनसाठी पालिकेकडे परवानगीचा अर्ज शुद्ध मराठीत हवा होता. सगळ्यांनी एकमुखाने माझे नाव घेतले. जान्हवी म्हणाली, आजोबा, तुम्हीच लिहा, आमचं मराठी वाचून ते चहा पाजून घालवून देतील. अडीच पाने लिहिली. फक्त मजकूर पाहता उत्तम.

एक गोष्ट येथे नोंदवतो. २० डिसेंबर ही शनी अमावास्या आहे. शिवाय १६ पासून धनुर्मास. अशा दिवशी मुलीचे भवितव्य ठरवणे मला पटेना. म्हणून अर्जात १४ डिसेंबर घातली. रविवार, दशमी, धनुर्मासाच्या अलीकडे. निर्दोष दिवस. मुलांना आत्ताच सांगत नाही. परवानगी हाती आली की समजेल आणि आनंद होईल.

तिच्या जाण्याशी याचा काही संबंध नाही. विसरू नये म्हणून पुन्हा लिहितो. संबंध नाही.

८ डिसेंबर, सोमवार
परवानगी आली. १४ तारखेची. शिक्क्यासह.

आनंद झाला नाही. तेजल म्हणाली, वाट लागली. सगळे म्हणाले, ऑफिसने घोळ घातला, आता बदलायला महिना जाईल. जान्हवी कोपऱ्यात उभी राहून तासभर फोनवर रुचिरा मॅडमची मनधरणी करीत होती. त्या येणार, पण रविवारी दुपारी एकच्या गाडीने परत जाणार. खंडू मासेमारीला गेला आहे, शनिवारी रात्री परतेल.

कोणी विचारले नाही, म्हणून बोललो नाही. सत्य सांगण्यासही योग्य समय लागतो.

१४ डिसेंबर, रविवार. सकाळी ६.५०
उपरणे घेऊन किनाऱ्यावर. मंगल वातावरण. मंद वारा. माझ्याकडे माईक आहे. स्वागतपर चार शब्द बोलून वाळू सज्ज असल्याचे जाहीर केले.

७.४०
वाळू नाही. पाणी पायऱ्यांपर्यंत. मी माईक घेऊन उभा होतो ती पायरीही आता पाण्यात. समोर जो विस्तीर्ण पिवळसर पट्टा मी वाळू समजत होतो, तो समुद्र होता. सकाळच्या उन्हात फरक करणे कोणालाही कठीण.

खंडू भडकला आहे. म्हणाला, गुरुजी, दशमीला साडेसातला पूर्ण भरती, हे माझ्या आजीलाबी ठावं होतं. तिथीची पाऊणपट करायची की भरतीची वेळ येते. अमावास्या पंधरावी, सव्वाअकराला भरती, म्हणजे साडेसहाला सगळी वाळू उघडी. तुम्हाला रोज तिथ कशाला विचारत होतो?

पंचांग चाळता चाळता माझी साठ वर्षे गेली. समुद्राला त्यात स्थान आहे हे मला कोणी सांगितले नव्हते.

९.१५
सगळे पायऱ्यांवर बसून आहेत. कोणी वडापाव आणले. रुचिरा मॅडम वारंवार घड्याळ पाहतात. सडपातळ, पोक्त बाई, बोलतात मालवणी वळणाने. म्हणाल्या, ओहोटी काय माझ्यासाठी लवकर येवची नाय. जान्हवी गुडघ्यांत तोंड घालून बसली आहे. तिच्याजवळ जाऊन धीर द्यावा असे ठरवले. गेलो. ती तेजल होती.

मोबाईलांची पिशवी सांभाळत आहे.

११.५०
अकराला वाळू दिसू लागली. कडक ऊन, फळ्या तापलेल्या. तरी सुरू झाले. लाल टी-शर्टातली मुलगी एका रेषेत लांबपर्यंत गेली, शेवटी लाटेच्या अंगावर चढून वळली. पाय घट्ट, मान सरळ. मी उभा राहून म्हणालो, पाहा, हे संस्कार. खंडू म्हणाला, ती तेजल हाय.

जान्हवी त्यानंतर. मला फळीचा सळसळता आवाज ऐकू आला. मग बराच वेळ काहीच नाही, पडल्याचाही आवाज नाही. मग टाळ्या.

सायंकाळी ६
रुचिरा मॅडमनी जान्हवीला निवडले. एकच्या गाडीसाठी धावत गेल्या.

आवराआवर करताना तेजलला फाइलमध्ये माझ्या अर्जाची प्रत मिळाली. तिने काही न बोलता जान्हवीच्या हातात दिली. १४ हा आकडा माझ्या हातचा आणि मार्करचा. जान्हवीने मला विचारले, आजोबा, मी जाऊ नये म्हणून केलंत का?

मी शनी अमावास्येचे सांगितले. धनुर्मासाचेही सांगितले. ती ऐकत राहिली. म्हणाली, बरं.

रागावली असती तर समजूत घालता आली असती.

१६ डिसेंबर, मंगळवार. धनुर्मास आरंभ
सकाळी सहाला जान्हवी आपणहून पोथी घेऊन बसली. तेरावा अध्याय. संकल्पाला एक दिवस उशीर, तरी सिद्धी म्हणता येईल.

अध्याय संपल्यावर तिने पोथी मिटली आणि म्हणाली, आजोबा, तुम्हाला दिसत नाही हे मला दोन वर्षांपासून माहीत आहे. म्हणून तर वाचत होते. आता आईला सांगून डॉक्टर ठरवा. मी कशी जाऊ नाहीतर?

तिचा काही गैरसमज झाला आहे. सवडीने दूर करीन. मी म्हणालो, तू निश्चिंत जा, मी रोज एक अध्याय वाचून तुला फोनवर अर्थ सांगेन. ती म्हणाली, नक्की? मी म्हणालो, नक्की.

२१ डिसेंबर, रविवार
पाच दिवसांत पाच अध्याय झाले. आज गेली. गाडी पहाटे सहाची. खंडूने नवी फळी दिली, खाली तिचे नाव रंगवलेले. मला वाचता आले नाही, खंडूचे अक्षर वाईट. वाकून नमस्कार केला तेव्हा ती मला जेमतेम दिसली, पण अंधार होता.

किनाऱ्यावर गेलो नाही. तेजलचा फोन आला, गुरुजी, कुत्र्याने माझी एक चप्पल नेली.

२२ डिसेंबर, सोमवार. सकाळी ६.३०
अठरावा उघडला. पहिले बारा श्लोक झरझर वाचले. पुढे अडलो. नीट विचार केला तेव्हा लक्षात आले की मला पाठ बारापर्यंतच होते.

जान्हवीला फोनवर बाराचा अर्थ सांगितला. ती म्हणाली, पुढचे? मी म्हणालो, पुढील भाग गहन आहे, सावकाश घेतो.

२४ डिसेंबर, बुधवार. दुपारी ४
तिचा तो प्रश्न डोक्यातून जात नाही. मी जाऊ नये म्हणून केलंत का. तिला प्रामाणिक उत्तर दिले पाहिजे. त्या दिवशी तारीख बदलताना माझ्या मनात नेमके काय होते, हे ४ डिसेंबरच्या नोंदीत मी लिहून ठेवले आहे. ते पाहून आज फोन करायचे ठरवले.

कोशामागून वही काढली. खिडकीपाशी नेली. मग गॅलरीत नेली. चष्मा पुसला. मग चष्म्याशिवाय पाहिले.

छपाई नाही. कागद नवा. शाई काळी, जाड. अक्षर माझेच. लागले नाही. आत्ता लिहितो आहे तेही हाताच्या वळणाने लिहितो आहे.

वाचून दाखवायला दीप्तीला हाक मारली. ती हात पुसत आली आणि म्हणाली, काय हो बाबा? वहीत ताटाचे आहे, आमटीचे आहे, अर्जाचे आहे.

वही मांडीखाली सरकवली आणि चहा मागितला.