मक्यातली भावपूर्ण फवारणी

कांदरपाडा, दहिसर.
रविवार, चर्चमधल्या मिसाहून आल्याआल्या.

माननीय भावोजी श्री. क्लिफर्ड यांस, राग क्षणभर उंबऱ्याबाहेर उभा करून, पॉलचा नमस्कार.

तुमचा गुडघा कसा आहे? आयव्हीची शुगर खाली आली का? वसईला पाऊस कसा आहे, विहीर भरली का, आणि पोस्टमन सोडून सगळ्यांना चावणारी तुमची ती कुत्री अजून आहे का? इकडे क्लॅरिस ठीक आहे, मी ठीक आहे, मका ठीक नाही. मक्याचं जे झालं ते तुमच्यामुळे झालं, आणि तेवढं सांगायलाच हे पत्र आहे. (तुम्ही माझ्या धाकट्या बहिणीचे, आयव्हीचे, यजमान, म्हणून पत्रभर मी तुम्हाला मानाने ‘तुम्ही’ म्हणणार आहे. लग्नाआधी तू नुसता क्लिफ्या होतास आणि चौथीत माझ्या पेन्सिली चावायचास, ते मी आज काढणार नाही.)

आपल्या घरामागची जमिनीची ती पट्टी तुम्हाला माहीत आहे. बाकीची शेतं टॉवरच्या पोटात गेली, एवढी एक राहिली. बाबा तिथे भात लावायचे आणि आगेऱ्याच्या सुगीच्या सणाला नव्या लोंब्यांची टोपली डोक्यावर घेऊन बँडच्या पुढे चर्चपर्यंत चालायचे. (वाटेत ओहोळ होता, त्यात खेकडे होते. खेकड्यांच्या जागी आता वॉचमनची केबिन आहे. असो.) टॉवरच्या पायाने पाण्याची वाट अडवल्यापासून तिथे भात होत नाही, म्हणून यंदा मी मका लावला. फादर म्हणाले, देवाला कणीसही चालतं. देवाला चालतं, पण क्लॅरिसला चालत नाही. टॉवरचे सेक्रेटरी चंद्रप्रकाश गेली दोन वर्षं ती पट्टी पार्किंगला मागतायत, आणि क्लॅरिसने मला जूनमध्येच बजावून ठेवलंय की या आगेऱ्याला टोपली भरली तर जमीन माझी, नाही भरली तर तिथे गाड्या उभ्या राहतील. म्हणजे हा मका नुसता मका नव्हता, भावोजी. शेवटची केस होती आणि वकील म्हणून मी तुम्हाला नेमलं होतं!

सेंट जॉनच्या सणाला बी टाकलं. मका वीतभर झाला आणि तण त्याच्या खांद्याला लागलं. हराळी, लव्हाळा, केना, सगळी मंडळी न बोलावता आली. खुरपायला कंबर वाकत नाही म्हणून मी तुम्हाला फोन केला, आणि तुम्ही मोठ्या मनाने पाठीवरचा पंप, तणनाशकाची बाटली आणि एक व्हॉइस मेसेज पाठवलात. त्या व्हॉइस मेसेजला आग लागो! मी तो इतक्या वेळा ऐकला की क्लॅरिसला पाठ झाला. वारा पडला की मार. जमीन ओली हवी, पण वरून पाऊस नको. किडीच्या औषधाचं गोल नोझल काढ, पंख्यासारखं पसरणारं लाव. नळी गुडघ्याच्या उंचीवर धर, मक्याच्या शेंड्याच्या कोवळ्या पोंग्यात औषध सोडू नको, ओळींच्या मधून जा, हात डावी-उजवीकडे झुलवू नको. इथपर्यंत सगळं उत्तम, शाळेच्या पुस्तकात छापावं असं. आणि मग शेवटी, कुत्रीला हाड-हाड करता करता तुम्ही म्हणालात, “मेन काय माहितीय का पॉल, चाल एकसारखी पायजे. मनात कायतरी म्हणत चाल ना, पाय बरोबर पडतो. मी पण म्हणतो.”

कायतरी! अरे गाढवा, ‘कायतरी’ म्हणजे काय ते सांगायला तुझ्या मोबाइलचा चार्ज संपला होता का? (माफ करा, भावोजी.) तुम्ही हे कोणाला सांगत होतात? आंतरशालेय कवितावाचनात सलग तीन वर्षं बक्षीस आणणाऱ्या पॉलला! माझ्या मनात ‘कायतरी’ म्हणून दुसरं काय येणार? मृणालिनीबाईंनी शिकवलेली ती नदीची कविता आली. पंप पाठीवर चढवला, डाव्या हातात दांडा, उजव्या हातात नळी, आणि पहिल्या ओळीच्या तोंडाशी उभा राहिलो तेव्हा मला शाळेचं स्टेज दिसलं, पडद्याचा तो उग्र वास आला, पुढच्या बाकावर पांढऱ्या साडीतल्या बाई दिसल्या. क्लॅरिसने खिडकीतून विचारलं, “अहो, मारताय की मुजरा करताय?” मी लक्ष दिलं नाही.

आता ती कविता आठवा. सुरुवातीला नदी डोंगरात आहे, लहान आहे, उड्या मारते. बाई म्हणायच्या, इथे शब्द धावले पाहिजेत. धावले! शब्दांबरोबर मीही धावलो. मग नदी मैदानात येते, संथ होते, तिला माहेर आठवतं. इथे बाई म्हणायच्या, आवाज खाली आणा, प्रत्येक शब्दावर थांबा, ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं पाहिजे. मी थांबलो. प्रत्येक शब्दावर थांबलो. कोणाच्या डोळ्यांत पाणी आलं ते ठाऊक नाही, पण नोझलमधून औषध येत होतं, भावोजी, ते काही थांबलं नाही! पुढे नदीला आभाळ भेटतं. तिथे उजवा हात वर करायचा असतो, हे तुम्हालाही माहीत आहे. माझा हात सत्तर वर्षांचा झाला तरी त्याला ते माहीत आहे. तो गेला वर, नळीसकट. आणि नेमका तेव्हाच पडलेला वारा उठला.

चंद्रप्रकाश तळमजल्यावर राहतात. त्यांचा मोगरा होता. (होता.) तिसऱ्या दिवशी ते पिवळ्या पडलेल्या मोगऱ्याची कुंडी छातीशी धरून आमच्या ओट्यावर आले आणि म्हणाले, “अंकल, आपने हवा में क्या मारा?” मी म्हटलं, कविता. ते तसेच कुंडीसकट लिफ्टने गच्चीवर गेले, तिथून आपल्या पट्टीचा फोटो काढला आणि बिल्डिंगच्या ग्रुपवर टाकला. आता तो फोटो बोरिवलीपर्यंत फिरतोय. वरून बघितलं की धावलेल्या जागी तणाचे हिरवेगार पट्टे दिसतात, गहिवरलेल्या जागी मका पांढराफटक पडलाय, आणि बरोब्बर मध्यभागी एक गोल टक्कल आहे, जिथे मका नाही, तण नाही, मुंगीसुद्धा नाही. कोणी म्हणतं परग्रहावरचे लोक उतरले होते. कोणी विचारतं, डिझाइन कोणाकडून करून घेतलं?

क्लॅरिसने मात्र चष्मा लावून तो फोटो शांतपणे वाचला. हो, वाचला! चाळीस वर्षं भांडी घासताना तिने ती कविता ऐकली आहे. बोट ठेवत म्हणाली, “इथं तुम्ही पळालात. इथं गहिवरलात. आणि इथं…” तिचं बोट टकलावर आलं होतं. मग फोन माझ्या हातात देऊन चहा ठेवायला गेली. तिने टोमणा मारला असता तर बरं झालं असतं.

पण माझा खरा संताप पुढेच आहे. काल आयव्हीचा फोन आला. मी म्हटलं, तुझा नवरा फवारताना मनात काय म्हणतो, एकदा विचार. ती तिथूनच ओरडली, तुम्ही शेतातून ओरडलात, आणि ते उत्तर मी या कानांनी ऐकलं. पाढे! तू सतराचा पाढा म्हणतोस! सतराचा संपला की पुन्हा सतराचा! अरे, शाळेत तू कवितासुद्धा पाढ्यासारखी म्हणायचास म्हणून बाई तुझ्यावर पट्टी उगारायच्या. नदी डोंगरात असो, मैदानात असो, समुद्रात बुडो, तुझा सूर एकच. अख्खा वर्ग हसायचा आणि सगळ्यांत मोठ्याने मी हसायचो. आणि आज तुझ्या शेतात तणाची काडी नाही, मका पुरुषभर उंच आहे, आणि मी, तीन वर्षांची बक्षिसं कपाटात ठेवून, व्हॉट्सॲपवर परग्रहवासी झालोय! कुठला न्याय हा? भाव असणाऱ्याच्या शेतात टक्कल आणि भाव नसणाऱ्याच्या शेतात कणसं? मृणालिनीबाई हयात असत्या तर मी त्यांना हा फोटो दाखवून विचारलं असतं की बाई, आता कोणाला पट्टी मारणार?

तेव्हा तुमचा पंप मी धुऊन परत पाठवत आहे. तुमचा सल्ला यापुढे मला नको. तुमचं-आमचं नातं आयव्हीपुरतं आणि नाताळच्या केकपुरतं. लहानांना आशीर्वाद, कुत्रीला नाही.

आपला नाइलाजाने मेव्हणा,
पॉल

ता. क. पंप पाठवत नाही आहे. वाया गेलेल्या पट्ट्या सोडल्या तर कडेचा मका अजून हिरवा आहे. तेवढ्यातलं तण गेलं तर आगेऱ्याची टोपली भरेल. औषध उडू नये म्हणून नोझलवर लावतात ती टोपी घेऊन, पावसाने उघडीप दिली की तुम्हीच या आणि तुमच्या त्या मुडद्यासारख्या सुरात सतराचा पाढा म्हणत ओळींमधून चाला. मी ओट्यावर बसून तोंड बंद ठेवीन. क्लॅरिसने बोंबील आणून ठेवलेत. गाड्यांना अजून होकार गेलेला नाही, पण चंद्रप्रकाश काल त्या टकलाची मापं घेऊन गेले. म्हणतात, एक स्कूटर आरामात बसते.

ता. क. २. क्लॅरिस झोपलीय म्हणून लिहितो. त्या टकलापाशी मी गहिवरलो नव्हतो, क्लिफ्या. मैदानातलं कडवं संपलं, आभाळही भेटून झालं, आणि नदी समुद्राला भेटायच्या आधी जी एक ओळ आहे, ती आलीच नाही. पुन्हा मागून सुरुवात केली, तरी आली नाही. पंप अर्धा रिकामा होईपर्यंत मी तिथे उभा होतो. पुस्तक केव्हाच गेलं, बाई गेल्या, वर्गातले आता आपण दोघंच. तुला ती येत असेल. पाढ्यासारखी पाठ केलेली गोष्ट तू कधी विसरला नाहीस. येशील तेव्हा एकदा म्हणून दाखव. तुझ्याच सुरात म्हण, मी हसणार नाही.