हेडगार्डातला कापूस

आबा, काल सगळ्यात आधी आली ती शेजारीण, विरजणाची रिकामी वाटी घेऊन. तिला विरजण नको होतं, बातमी हवी होती. मागोमाग नातीच्या बॉक्सिंगच्या मॅडम आल्या, मग काय, बसलीच ही बया मांडी घालून! हो, बॉक्सिंग. तुमची पणती ठोसे मारते आबा, आणि लय झ्याक मारते. कुठं सांगू नि कुठं नको असं होतं मला. मॅडम सिन्नरच्या मॅचसाठी परवानगी मागायला आल्या होत्या. माझा लेक म्हणाला, "आई म्हणेल ते." मग मॅडमनी हेडगार्ड बघायला मागितलं. डोक्याला, कानाला, गालाला घालायचं ते, जाड टोपऱ्यासारखं. आता माझा शहाणपणा ऐका. पोरीला लागू नये म्हणून मी त्यात उशीतला कापूस भरून टाके घातले होते! तिनं घातलं तर ते सरकून डोळ्यांवर आलं. शेजारीण म्हणते, "अगं बाई, घाण्याचा बैलच दिसतोय!"

मॅडम हसल्या नाहीत. "आजी, जाड केलं की सैल बसतं, फिरतं, समोरचा ठोसा दिसत नाही. आणि ह्यानं जखम वाचते, डोकं हादरायचं थांबत नाही. त्यासाठी मान पक्की लागते, ती मी करून घेते." त्यांनी टाके उसवले, पोरीचं डोकं दोन्ही हातांत धरून पट्टा आवळला, विचारलं, "दुखतंय का गं?"

तिथं माझं काळीज जळलं बघा, लहानपणच डोळ्यांपुढं आलं. सायखेड्याच्या आपल्या घराच्या ओट्यावर तुम्ही बसलाय. भाऊ काठी खेळायला निघालाय. तुम्ही जुन्या धोतराचा पीळ त्याच्या डोक्याला आवळताय, कानांवर चिंध्यांच्या घड्या, वर एक टपली, "लागतं का रं?" मी मध्ये घुसते, "आबा, मला पण बांधा." तुम्ही म्हणता, "तुला काय करायचंय? पदर घे डोक्यावर." मी आठ वर्षांची, परकरातली. कुठला पदर घेऊ?

भावाचा हेवा जन्मभर केला, तो तुम्हाला ठाऊक असेल. पण काल मी सख्ख्या नातीवर जळले. मॅडमना म्हणाले, "नको बाई, मानेला काही झालं तर पोरीला सून करून कोण घेईल?" शेजारणीनं लगेच हो ला हो केलं. पोर आत निघून गेली.

भीती नव्हती हो आबा. मला मिळालं नाही ते हिला का, एवढंच होतं. हे कुणाला बोलले नाही, आणि तुम्ही देवाघरी, हा कागद तरी कुठं धाडू? आज सकाळी पोरीला म्हटलं, "जा, खेळ." तर फुरंगटून म्हणाली, "नाही म्हणालीस ना त्यांना? मग आता हो पण तूच म्हण."

मॅडम गुरुवारी पुन्हा येते म्हणाल्यात.